उजनीच्या वरच्या अंगाला, उजनीच्या खालच्या अंगाला

पहिला दिवस : कवडीपाट ते भिगवण

कवडीपाटला गाडीचं दार उघडलं की पक्ष्यांच्या आधी वास येतो. सकाळचे सव्वासात, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, स्वेटर घालावा की काढावा असं वाटायला लावणारी थंडी, आणि अख्ख्या पुण्यानं काल धुतलेलं, विसळलेलं, ओतून दिलेलं सगळं मुळा-मुठेतून येऊन बंधाऱ्यावर फेसाळत होतं. भाचीनं ओढणी नाकाला लावली. "मावशी, इथे पक्षी येतात?"

येतात. तेच तर नवल आहे.

माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. शाळेत नोकरीला लागले त्या वर्षी घेतलेली. त्यात डिसेंबर १९९३ची एक नोंद कवडीपाटची आहे, पेन्सिलीनं केलेली, अक्षर आजच्यापेक्षा बरं. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, पांढरा धोबी, आणि 'नदी सुरय, बंधाऱ्याखालच्या खडकांवर, रांगेनं'. आज त्याच खडकांवर प्लास्टिकच्या पिशव्या वाळत पडल्या होत्या. चक्रवाकांची जोडी होती, धोबी होते. नदी सुरय एकही नव्हता. त्याला स्वच्छ पाण्यातला छोटा मासा लागतो, आणि अंडी घालायला नदीतलं वाळूचं बेट. मासा गेला नाल्यांमुळे, वाळू गेली बांधकामांमुळे.

शेकाटे मात्र मोजून दमावं इतके. लाल काडीसारख्या पायांवर टुकटुक चालत, काळ्या गाळात चोच खुपसत. मैलापाण्याच्या गाळात किडे-अळ्या भरपूर, म्हणून शेकाट्याचं बरं चाललंय. पुण्यातले जुने पक्षीमित्र शेकाटे वाढले की आनंदी होत नाहीत, ते का हे भाचीला सांगून झालं. तिनं फोनमध्ये सगळं टिपलं. ती ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवाली, मी वहीवाली. तिच्या ॲपची एक गोष्ट मला आवडते. यादी पाठवण्याआधी ते विचारतं, जे जे ओळखलंत ते सगळं यात लिहिलंय ना? 'हो' म्हटलं तर यादीत नसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो. तो तिथं शोधूनही सापडला नाही, असा. माझ्या वहीत ही सोय नाही. न दिसलेलं मी कधी लिहिलंच नाही, आणि आता तीस वर्षांनी तेच शोधत बसलेय.

या सहलीचं निमित्त वेगळं होतं. दिवाळीत घर आवरताना आप्पांची लेव्हल बुकं, म्हणजे जमिनीची पातळी मोजून टिपायच्या वह्या, सापडली. आप्पा, म्हणजे माझे वडील, भाचीचे आजोबा, पाटबंधारे खात्यात होते आणि त्यांची बरीचशी नोकरी उजनी धरणाच्या डाव्या कालव्याच्या आखणीत गेली. आम्ही तेव्हा भीमानगरच्या कॉलनीत राहायचो. मी पक्षी बघायला शिकले ते धरणाच्या पाण्यावर. पुढे माझ्या लक्षात आलं की ज्या धरणानं मला वरच्या अंगाला रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवले, त्याच धरणाचं पाणी खालच्या अंगाला माळढोकाच्या रानात शिरत होतं. हे मी आप्पांना एकदाच बोलून दाखवलं. त्याबद्दल पुढे सांगते. तर ठरवलं की नदीबरोबर खाली जायचं. कवडीपाटचं हे पाणी दौंडच्या अलीकडे भीमेला मिळतं आणि उजनीत जाऊन थांबतं. आपणही तिथवर जाऊ आणि मग पुढे माळढोकाच्या अभयारण्यात, नान्नजला.

भिगवणला दुपारी पोचलो. लॉजबद्दल एवढंच लिहिते की शेजारी लग्न होतं आणि डीजे रात्री एकपर्यंत वाजत होता. मालकानं फोनवर "एकदम शांत जागा" सांगितलं होतं. जेवायला चिलापीचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. चिलापी मूळचा आफ्रिकेतला मासा. इथं आला, वाढला आणि आता जाळ्यात येतो तो बहुतेक हाच. चवीला मी नाव ठेवत नाही. पण जुन्या माणसांना विचारलं की ते आधी वाम आणि मरळ यांची नावं घेतात, मग थोडं थांबतात.

दुसरा दिवस : कुंभारगाव

पहाटे साडेपाचला निघालो. कुंभारगावच्या काठावर होड्या लागलेल्या, आणि होडीवाल्यांकडे आता दुर्बिणी, पक्ष्यांची छापील चित्रं, सगळं. आमचे नावाडी पन्नाशीचे. चित्राकडे न बघता, उडणाऱ्या थव्यावरून नाव सांगायचे, आणि मराठी नाव मी सांगितलं तर इंग्रजी नाव सांगायचे. पर्यटकांनी तेच शिकवलंय त्यांना.

"दादा, फ्लेमिंगो किती आलेत यंदा?"

"कमीच हायेत ताई. पाणी प्लसमधी असलं की फ्लेमिंगो मायनसमधी."

हे वाक्य ज्यानं सोलापूर जिल्ह्यात उन्हाळा काढलाय त्यालाच नीट कळेल. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी, पण त्यातला ६३-६४ टीएमसी हा मृतसाठा. त्याच्या वर पाणी असलं की धरण प्लसमध्ये, खाली उतरलं की मायनसमध्ये. इथं लोक पाऊस मिलिमीटरमध्ये मोजत नाहीत, उजनी कितीवर आहे ते विचारतात. २०२४च्या उन्हाळ्यात ती जवळजवळ मायनस साठ टक्क्यांपर्यंत गेली होती.

रोहित पक्ष्याचं गणित सोपं आहे. तो पाण्यात उभा राहून, मान खाली घालून, चोच उलटी धरून गाळ गाळतो. त्यासाठी त्याला गुडघाभर पाणी लागतं. पाऊस चांगला झाला, जलाशय काठोकाठ राहिला, की उथळ जागाच उरत नाहीत. मग तो उशिरा येतो, थोडा येतो, किंवा दुसरीकडे जातो. पाणी उतरायला लागलं की काठचा चिखल उघडा पडतो आणि गर्दी होते. म्हणजे माणसांना जे वर्ष वाईट, ते पर्यटकांच्या कॅमेऱ्याला चांगलं. म्हणूनच एका वर्षाचा आकडा घेऊन 'पक्षी घटले हो' अशी बातमी छापून येते तेव्हा मला राग येतो. एका हिवाळ्याच्या आकड्यात पाऊस दिसतो. पक्ष्यांचं काय झालं ते दहा-वीस हिवाळे एकाखाली एक मांडल्याशिवाय दिसत नाही.

सात वाजता धुकं उठलं आणि पलीकडच्या काठावर फिकट गुलाबी रेघ दिसली. भाचीच्या तोंडून "अगं बाई" निघालं. मी तिला मोजायला लावलं. सगळा थवा मोजायला जायचं नाही, आधी दहा मोजायचे, त्या दहांनी किती जागा व्यापली ती डोळ्यांत धरायची, मग तेवढे तुकडे पुढे पुढे ठेवत जायचं. तिचा आकडा एकशे ऐंशी, माझा दोनशे दहा. नावाडी म्हणाले "दोनशे लिवा." लिहिले.

तेवढ्यात शेजारून दुसरी होडी गेली, सरळ थव्याच्या रोखानं. चार कॅमेरे, प्रत्येकी हातभर लांब. होडीवाल्याला कुणीतरी म्हणालं, "जरा उडवा ना." त्यानं टाळ्या वाजवल्या. दोनशे पक्षी उठले, पंखांच्या आतलं लाल-काळं क्षणभर उघडलं, फोटो मिळाले असणार. पक्षी अर्धा किलोमीटर लांब जाऊन बसले आणि अर्ध्या तासानं पुन्हा तेच. हे पक्षी रोज दिवसभर गाळ गाळतात तेव्हा पोट भरतं. त्यातले दोन तास आपण टाळ्या वाजवून खाल्ले, तर त्याचा हिशेब कुठल्याच फोटोखाली येत नाही. आमच्या नावाड्यांनी मान फिरवली. "मी न्हाई उडवत," म्हणाले, "पर गिऱ्हाईक जातंय मग तिकडं."

पुढे पाण्यात वाळलेल्या झाडाच्या शेंड्यावर मोरघार बसली होती, पायात चिलापी. पट्टकादंबांचा थवा काठच्या हरभऱ्यात चरत होता. डोक्यावर दोन काळे पट्टे, चालण्यात गावच्या पाटलाचा रुबाब. हिमालय ओलांडून येणारा पक्षी आणि इथं येऊन शेतकऱ्याचा हरभरा खातोय. थापटे होते, तलवार बदकं अगदी मोजकी. वहीतलं १९९७च्या जानेवारीचं पान मी भाचीला दाखवलं. तलवार बदकांपुढे मी आकडाच लिहिलेला नाही, 'पाणी दिसत नव्हतं' एवढंच. शास्त्राच्या दृष्टीनं ही नोंद कुचकामी. पण 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२३चा अहवाल, जो भाचीसारख्या तीस हजार लोकांच्या याद्यांवर उभा आहे, तोही स्थलांतरित बदकं घटल्याचं सांगतो. ज्या ३३८ जातींचा लांब पल्ल्याचा कल त्यांना काढता आला, त्यांतल्या साठ टक्के जाती उतरणीला लागल्यात.

"पण मला तर हेच खूप वाटलं," भाची म्हणाली.

तिची काय चूक? मी १९९७मध्ये नाचले तेव्हा काठावरचे म्हातारे कोळी माझ्याकडे असेच बघत असतील. प्रत्येकाची मोजणी तो पहिल्यांदा आला त्या दिवसापासून सुरू होते.

परत येताना जलपर्णीत पंखा अडकला. नावाड्यांनी इंजिन उचललं, चाकूनं मुळं कापली, आणि हात पुसता पुसता समोर पाण्याकडे बोट केलं. "तितं आमचं गाव हुतं. माझा जलम तितला. बाप सांगायचा, जवारी-हरभरा लई पिकायचा, नदीकाठची काळी." धरण १९८०मध्ये पुरं झालं तेव्हा ते लहान होते. जमीन गेली, घर वर आलं, मग जाळं हातात घेतलं, आणि आता दुर्बीण.

"तवा हे पक्षी हुते का, दादा?"

"कुठलं वो. नदी हुती नुसती. नदीवर काय येतंय, चार बगळं. आमी गेलो अन् हे आलं."

ते हे कडवटपणानं म्हणाले नाहीत. हिशेब सांगावा तसं म्हणाले. इंजिन सुरू झालं.

तिसरा दिवस : पळसदेव, इंदापूर, भीमानगर

पळसदेवला फक्त दहा मिनिटं थांबलो. पाणी उतरलं की पळसनाथाचं जुनं दगडी देऊळ वर येतं, २०२४मध्ये पायी जाता येत होतं. यंदा पाण्यावर थोडंसं शिखर आणि शिखरावर एक पाणकावळा पंख वाळवत.

इंदापूरला मात्र तास गेला. गावात, सरकारी कचेरीच्या आवारात चिंचेची मोठाली झाडं आहेत आणि त्यांवर चित्रबलाकांची वसाहत. आपल्याकडे पाणपक्ष्यांच्या अशा वसाहतीला सारंगागार असा सुंदर शब्द आहे. खाली सातबाऱ्याची, दाखल्यांची गर्दी, स्टॅम्पपेपरवाले, चहाची गाडी. वर बलाक चोचीत काटक्या घेऊन येताहेत, जोडीदाराला देताहेत, तो ती एकदा इथं खोचतोय, काढून तिथं खोचतोय. मोठ्या पक्ष्याला आवाज जवळजवळ नाहीच, चोची आपटून खट्खट् करतात. गुलाबी पिसं पाठीवर, जणू रंगपंचमीला कुणी मागून मूठ मारली. माझ्या डोळ्यांदेखत वरून एक मासा पडला, एका स्प्लेंडरच्या सीटवर. चिलापी, वीतभर. गाडीचा मालक बाहेर आला, त्यानं मासा उचलून कुत्र्याला टाकला, खिशातून फडकं काढलं, सीट पुसली आणि वर न बघता गेला. फडकं खिशात असणं यातच सगळं आलं.

पाणी, मासा आणि कुणी न तोडलेली चिंच, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून हे पक्षी गावात राहिले. यातली पहिली गोष्ट धरणाची, दुसरी परदेशी माशाची. चित्रबलाकाला मासा देशी की परदेशी याच्याशी घेणं नाही. धरणाला एका ओळीत चांगलं किंवा वाईट म्हणणाऱ्यांना मी इंदापूरच्या या झाडाखाली उभं करीन. छत्री द्यायची की नाही ते मग ठरवू.

भीमानगरला आमचं क्वार्टर सापडलं. म्हणजे त्याची भिंत सापडली. चाफा जिवंत होता. धरणाच्या बांधावर जायला आता परवानगी लागते, लांबूनच भिंत पाहिली. मग टेंभुर्णी सोडल्यावर मुद्दाम हमरस्ता सोडून कालव्याच्या कडेनं गेलो. दोन्ही बाजूंना ऊस, तोडणी चालू, उसाच्या वाढ्यांचे भारे डोक्यावर घेतलेल्या बाया, ट्रॉलीमागे ट्रॉली. राज्यात सगळ्यांत जास्त साखर कारखाने या जिल्ह्यात आहेत. पाऊस मात्र तोच जुना, जेमतेम. नांगरलेल्या सरीत ट्रॅक्टरमागे गायबगळे आणि शराट्यांची रांग होती. तारेवर नीलपंख एकच दिसला, तोही मोहोळच्या जवळ. आमच्या लहानपणी दसऱ्याला चाष दिसला की शुभ म्हणून आजी आम्हाला शेताकडे पळवायची, आणि दहा मिनिटांत तो दिसायचाच. आता त्याचीही संख्या चांगलीच घसरल्याचं तोच अहवाल सांगतो. उघडं रान, किडे, जुन्या झाडाची ढोली, असं साधंच मागणं होतं त्याचं.

याच रस्त्यावर मी आप्पांना ते वाक्य बोलले होते. १९९९ असावं. मी म्हटलं, "आप्पा, तुमच्या कालव्यानं माळढोकाचं रान खाल्लं." ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बहात्तर साली तुझी आजी खडी फोडायला जात होती. सुकडी खाऊन दिवस काढले. तिला मी काय सांगायचं होतं, पक्ष्यासाठी थांब?" पुढं मी काही बोलले नाही. अजूनही माझ्याकडे त्याला उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे ते पटकन तयार असतं त्यांच्याशी माझं फारसं जमत नाही.

सोलापुरात मुक्काम. कडक भाकरी, शेंगाचटणी, झोप.

चौथा दिवस : नान्नज

नान्नज सोलापूरपासून वीस-बावीस किलोमीटर, बार्शी रस्त्यावर. उजाडताना पोचलो. वनखात्याची परवानगी, चिठ्ठी, सोबत एक वनकर्मचारी. पिवळंधमक गवत गुडघ्यापर्यंत, मध्ये मध्ये मुरमाड उघडी जमीन, आणि आकाश इतकं खाली आलेलं की टोपी लागेल. पाच मिनिटांत मोज्यांत कुसळं. भाचीनं विचारलं, "जंगल कुठंय?"

हेच जंगल. आपल्या सरकारी भाषेत याला पडीक म्हणतात, आणि सगळं तिथूनच बिघडलं.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णींनी इथल्या माळढोकांकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. १९७९मध्ये अभयारण्य झालं. किती मोठं? ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर जिल्ह्यातला उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि नगर जिल्ह्यातलाही भाग त्यात. म्हणजे गावं, शेतं, रस्ते, सगळं अभयारण्य. आणि पुढच्याच वर्षी उजनी पुरी झाली. एका सरकारनं एकाच वेळी एकाच जिल्ह्याला दोन कागद दिले. एकात लिहिलं होतं, इथं काही बदलू नका. दुसऱ्यात, इथं सगळं बदलणार आहे. दुसऱ्या कागदाबरोबर पाणी आलं, पहिल्याबरोबर फक्त बंदी. कुठला टिकला असेल?

खाली वस्तीजवळ चहाला थांबलो तिथं एक सत्तरीचे शेतकरी मामा भेटले. त्यांनी सांगितलं, "पक्षी हुता तवा आमच्या जिमिनीवर आमची सही चालत नव्हती. विकायची तर परवानगी, खरीददाराला धास्ती. लोक म्हनायचे, हूम दिसला तर बोलू नका, जमीन जाईल." हूम हे माळढोकाचं इथलं जुनं नाव, नराच्या घुमण्यावरून. पुढे अभयारण्याचा आकार सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणला, पण तोवर दोन पिढ्यांच्या मनात पक्षी म्हणजे अडचण हे पक्कं बसलं होतं.

मामांच्या रानात पूर्वी मालदांडी ज्वारी, करडई, तूर. माळढोकाला हे चालायचं. ज्वारीच्या ताटांत तो टोळ, किडे, सरडे वेचायचा, आणि शेत वर्षातले सहा महिने मोकळं असायचं. आता द्राक्ष. नान्नज हे द्राक्षाचंही मोठं गाव आहे, सोनाका ही जात इथंच नानासाहेब काळ्यांनी काढली. बोअर, ठिबक, लोखंडी अँगल, तारा, वर जाळी. या मांडवाखाली मीटरभर उंचीचा, उड्डाणाला पळत सुटायला मोकळी जागा लागणारा, पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी चालेल कसा? मामांवर राग धरावा तर त्यांच्या नातवंडांची शिक्षणं त्याच मांडवावर झालीत.

"मोर लई झाले पर," मामा म्हणाले. "घड टोचत्यात. जाळी त्यांच्याचसाठी."

हे खरंय. त्या अहवालात मोरांची वाढ दीडशे टक्क्यांच्या वर आहे. १९६३मध्ये राष्ट्रीय पक्षी निवडला गेला, त्या सुमारास सलीम अलींचं मत माळढोकाच्या बाजूनं होतं आणि मोर जिंकला. मोराला ऊस चालतो, बाग चालते, गाव चालतं, तो सहाएक अंडी घालतो. माळढोकाची मादी वर्षाला एक अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्र्यानं ते एक खाल्लं की वर्ष गेलं. उडताना त्याला समोरचं नीट दिसत नाही, डोळे बाजूला असतात, म्हणून विजेच्या तारांना धडकतो. सगळं त्याच्या विरुद्धच पडत गेलं.

मनोऱ्यावर आम्ही पाऊण तास बसलो. काळवीट भरपूर, उन्हात शिंगं चमकत होती. भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून तरंगत गेला, उगाच उतरतो असं दाखवून पुन्हा वर. मुरारी, डोंबारी हे चंडोलाचे भाऊबंद, आणि मुरमावर पाच पावलं पळून अचानक पुतळा होणारा धाविक. भाचीनं पहिल्यांदा पाहिला, तिला तो रोहितापेक्षा आवडला आणि मला बरं वाटलं. राखी खाटीक पूर्वी इथं दर दुसऱ्या बोरीवर असायचा. आज एक होता बहुतेक, लांब, उन्हाच्या झळीत, खात्रीनं सांगता येईना. देशभरात तो ऐंशी टक्क्यांहून जास्त घटलाय. माळढोकावर निदान लेख येतात. खाटकासाठी कोण रडणार.

एका बाजूला गिरिपुष्पाची जुनी लागवड दिसत होती. माळावर झाडं लावणं हे त्या काळी पुण्यकर्म होतं. दुष्काळी भागासाठीच्या योजनेत इथं गवताचे प्लॉट राखले गेले, त्यांना अजून डीपीएपीचे प्लॉट म्हणतात, त्यांनी माळढोकाला खरोखर तारलं. आणि त्याच काळात शेजारी झाडंही लावली गेली. माळावरच्या पक्ष्याला झाड म्हणजे आडोसा नाही, शिकाऱ्याची जागा. नंतर ही झाडं काढायला घेतली तेव्हा लोक म्हणाले, वनखातंच झाडं तोडतंय. माझ्या शाळेत दर जूनला वृक्षारोपण व्हायचं. डोंगराकडच्या माळावर मी स्वतः मुलांना घेऊन खड्डे खणलेत. तिथं काय राहत होतं ते आधी पाहिलं नाही.

"शेवटचा कधी दिसला?" मी वनकर्मचाऱ्यांना विचारलं.

"मादी असते मॅडम. एखादी. मधूनच येते, मग महिनोन् महिने नाही. नर नाही."

नर नाही, हे दोन शब्द. देशभरात मोकळ्या रानात दीडशेच्या आत पक्षी उरलेत, बहुतेक जैसलमेरकडे. तिथं २०१९पासून अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं केंद्र चालू आहे, आणि ते बरं चाललंय. पण पिल्लं मोठी झाल्यावर सोडायची कुठं, हा प्रश्न जैसलमेरलाही आहे आणि नान्नजला तर आहेच.

मी १९९६च्या ऑगस्टमध्ये इथं आप्पांना घेऊन आले होते. नुकता पाऊस झालेला, गवत हिरवं. नर लांबच्या चढावर उभा होता, गळ्याची पांढरी पिशवी फुगवून, पार पायांपर्यंत लोंबणारी, शेपूट पाठीवर उलटी. आवाज आधी अंगात जाणवला, मग कानात. हूम. बऱ्याच वेळानं पुन्हा, हूम. आप्पांना पक्ष्यांचं काही नव्हतं. ते माझी दुर्बीण घेऊन वीस मिनिटं हलले नाहीत. परत देताना म्हणाले, "लेव्हल लावल्यासारखा उभा राहतो गं." त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी कुणाचं ऐकलेलं नाही.

ते पान मी भाचीला वाचून दाखवलं. मग तिनं फोन काढून यादी पुरी केली. काळवीट त्यात बसत नाहीत म्हणून कुरकुरली. खाटकावर अडली. "तो होता का नक्की?" मी म्हटलं, खात्री नाही तर लिहू नको. तिनं नाव काढलं. चौदा जाती राहिल्या. सगळ्यात शेवटी ॲपनं तो प्रश्न विचारला, जे जे ओळखलंत ते सगळं लिहिलंय ना. तिनं एकदा माळाकडे पाहिलं, माझ्या हातातली दुर्बीण घेऊन चढावरून डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवली, आणि 'हो' दाबलं.

रेंज नव्हती. यादी फोनमध्येच फिरत राहिली. मोहोळला चहाला उतरलो तेव्हा गेली.